पाठ असलेले बरे

दिवाळी अंकासाठी काहीतरी गोडधोड लिहा, अशी संपादकांची दरवर्षीची आज्ञा असते आणि ती मी बहुधा पाळतो. यंदा चकलीच्या सोऱ्यावर लिहावयाचे ठरवलेही होते. पण मध्येच एक पत्र आले आणि सोऱ्या फडताळात परत गेला.

पत्र नगर जिल्ह्यातल्या एका वाचकभगिनीचे आहे. आरंभी ‘सप्रेम सलाम’ आहे, तेव्हा बाई ख्रिस्ती आहेत हे नगरकडच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. वय ६८. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना शिकवले. आता काचबिंदू झाला आहे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की, गेलेली नजर परत येणार नाही. राहिली आहे तेवढी औषधाच्या थेंबांनी जपायची. त्यावर बाईंनी एक बेत केला. अक्षर दिसते आहे तोवर स्तोत्रसंहितेतली काही स्तोत्रे आणि योहानाच्या शुभवर्तमानातले चार-दोन अध्याय पाठ करून ठेवायचे! रोज पहाटे त्या पुटपुटत बसतात आणि घरात रोज थोडी कुरबुर होते. चिरंजीव म्हणतात, “आई, फोन सगळे बायबल वाचून दाखवतो. या वयात घोकंपट्टी कशाला?” सूनबाईंचा आक्षेप जरा खोलातला आहे. त्या म्हणतात, “पाठ म्हणणे म्हणजे भक्ती थोडीच? अर्थ मनात उतरला म्हणजे झाले.” आणि बाई मला विचारतात, “मी करते आहे तो धर्म आहे की वेड? भीड न धरता लिहावे.”

मी धर्मोपदेशक नव्हे आणि ख्रिस्तीही नव्हे. परंतु पाठांतर हा विषय माझ्या ओळखीचा आहे. तिन्हीसांजेला शुभंकरोति, मग पावकी-निमकी आणि शेवटी रामरक्षा, एवढे म्हटल्याखेरीज पानावर बसू देत नसत अशा घरात मी वाढलो. त्यामुळे बाईंचा पक्ष घ्यावा असे मला पत्र वाचतानाच वाटले. पण नुसते वाटून उपयोग नाही; सूनबाईंनाही उत्तर द्यावयास हवे. म्हणून चार पुस्तके काढून बसलो.

पहिली मौज सापडली ती पहिल्याच स्तोत्रात. शास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्याची थोरवी तेथे गायिली आहे. ‘मनन’ म्हटले की आपल्यापुढे डोळे मिटून, ओठ मिटून बसलेला कोणी ध्यानस्थ उभा राहतो. मूळ हिब्रू क्रियापद आहे ‘हागा’. यशयाच्या ग्रंथात हेच क्रियापद सिंह शिकारीवर उभा राहून गुरगुरतो त्या गुरगुरण्याला लावले आहे, आणि त्याच ग्रंथात पुढे पारव्याच्या घुमण्यालाही लावले आहे. म्हणजे या मननाला आवाज आहे! पुटपुटणे, घुमणे, तोंडातल्या तोंडात घोळवणे हाच त्या शब्दाचा पोटातला अर्थ. बाईंच्या पहाटेच्या पुटपुटण्याने घरच्यांची झोप मोडत असेल तर ती गैरसोय मान्य. पण शब्दाच्या अर्थाबाहेर बाई गेलेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट साक्षात येशूची. रानात चाळीस दिवसांचा उपास झाला, आणि मग सैतान परीक्षा पाहावयास आला. रानात पोथी कोठली? येशूने तीन वेळा उत्तर दिले आणि तिन्ही उत्तरे अनुवाद नावाच्या जुन्या ग्रंथातली, पाठ असलेली. पण गोष्ट येथे संपत नाही. मधल्या परीक्षेत सैतानही शास्त्रवचन म्हणून दाखवतो, आणि ते ९१व्या स्तोत्रातले आहे. पाठांतर त्याचेही चोख होते! सूनबाईंच्या आक्षेपाला याहून मोठा आधार शोधून सापडणार नाही. मात्र त्याच शुभवर्तमानाच्या शेवटाकडे, वधस्तंभावर प्राण कासावीस झालेला असताना, येशूच्या तोंडी २२व्या स्तोत्राचा आरंभ येतो. लूकने दिलेले त्याचे अखेरचे शब्द ३१व्या स्तोत्रातले आहेत. त्या घटकेला माणूस आठवून काढीत नाही. आत मुरलेले असते ते आपोआप ओठांवर येते.

आमच्याकडच्या पाठांतराहून या पाठांतराची तऱ्हा थोडी निराळी आहे, हेही सांगितले पाहिजे. वेदपाठकांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधले ते एकही स्वर ढळू नये म्हणून. तेथे ध्वनी हाच ठेवा. येशू बोलत असे ती भाषा अरामी, आणि त्याचे बोलणे लिहिले गेले ते ग्रीकमध्ये. म्हणजे मुळापासूनच भाषांतर. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या भाषेत आलेले वाक्य पाठ करायचे. लॅटिन न समजता स्तोत्रे म्हणणारेही पुढे पुष्कळ निपजले, ते सोडा.

हा नेम पहिल्यांदा कडकपणे घातला तो इजिप्तमध्ये. चौथ्या शतकात नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यात पाखोमियस नावाच्या साधूने मठ वसवले. त्याच्या नियमावलीत असे आहे की, नव्याने येणाऱ्याने वीस स्तोत्रे किंवा प्रेषितांची दोन पत्रे पाठ करावीत. वाचता येत नसेल तर दिवसातून तीन वेळा शिकणाऱ्यापुढे जाऊन उभे राहावे. आणि मठातल्या प्रत्येकाला निदान नवा करार व स्तोत्रसंहिता मुखोद्गत असावी. हे साधू दिवसभर लव्हाळ्याच्या चटया आणि टोपल्या विणीत. हात विणण्यात आणि तोंड स्तोत्रात. आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायांना यात नवल वाटले नसते.

पण इजिप्तमधल्या ज्या माणसाची गोष्ट बाईंना सांगावी असे मला वाटते तो मठातला नव्हे, अलेक्झांड्रिया शहरातला आहे. त्याचे नाव दिदुमस. चौथ्या वर्षीच त्याचे डोळे गेले. अक्षर गिरवण्याचे वयच आले नाही. दुसऱ्यांनी वाचावे आणि याने ऐकावे, असे त्याचे शिक्षण झाले. वाचणारे रात्री थकून झोपी जात. दिदुमस जागा राही आणि दिवसभर ऐकलेले, गाईने रवंथ करावे तसे पुन्हा पुन्हा घोळवी. असे करीत तो त्या विद्यानगरीतला मोठा शिक्षक झाला. लॅटिन बायबल सिद्ध करणारा जेरोम ३८६ साली त्याच्याकडे शंका विचारावयास गेला. तेव्हा जेरोमचे स्वतःचे केस पिकू लागले होते. जेरोम त्याला आंधळा न म्हणता ‘पाहणारा’ म्हणत असे.

या दिदुमसाला एकदा वाळवंटातले थोर तपस्वी अँटनी भेटले. त्यांनी विचारले, डोळे गेल्याचे दुःख होते का? दिदुमस गप्प. पुन्हा विचारले, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने कबूल केले की होय, दुःख होते. त्यावर अँटनींनी समजावले की मुंग्या-माश्यांनाही असतात त्या डोळ्यांसाठी कसला खेद करतोस! उपदेश चांगला आहे. पण मला खरे सांगायचे तर अँटनींच्या उपदेशापेक्षा दिदुमसाची कबुली अधिक मोलाची वाटते. सारे शास्त्र मुखी असलेला माणूस, आणि तरी दुःख आहेच. बाई, तुम्ही पाठांतर कराल म्हणून काचबिंदूचे वाईट वाटायचे थांबेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आणि थेंब टाकावयास चुकू नका.

दिदुमसाची पुढची हकीकतही विलक्षण आहे. त्याची काही मते पुढे पाखंडी ठरली. ५५३च्या धर्मपरिषदेच्या सुमारास त्याच्यावर ठपका आला आणि त्याचे ग्रंथ उतरवून घेणे थांबले. बाराशे-चौदाशे वर्षे नावापलीकडे फारसे काही उरले नाही. मग १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, कैरोजवळच्या तुरा येथील जुन्या दगडखाणी दारूगोळा ठेवण्यासाठी साफ करण्यात आल्या, तेव्हा पपायरसच्या पानांचा ढीग निघाला. त्यात उत्पत्ती, ईयोब, जखऱ्या आणि स्तोत्रे यांवरची दिदुमसाची भाष्ये होती. ज्याने एक अक्षर डोळ्यांनी वाचले नाही त्याची भाष्ये!

पुस्तक हाती नसणे एवढेच नव्हे, पुस्तक बाळगणे हाच गुन्हा, असेही दिवस युरोपात होते. बाराव्या शतकात लियाँ शहरातल्या वाल्दो नावाच्या सावकाराने शुभवर्तमाने लोकांच्या बोलीत करवून घेतली आणि त्याचे अनुयायी गावोगाव ती सांगत हिंडू लागले. १२२९ साली तुलूझच्या परिषदेने फर्मान काढले की, सामान्य माणसाने स्तोत्रसंहिता व प्रार्थनेच्या एक-दोन पोथ्या यांपलीकडे बायबलाचे ग्रंथ घरी ठेवू नयेत. देशी भाषेतले तर नाहीतच. झडती घेता येते ती घराची, ट्रंकेची. डोक्याची कोण घेणार? पुढे १२६०च्या सुमारास पास्साऊ भागातल्या एका धर्माधिकाऱ्याने, म्हणजे त्यांच्या शत्रूने, लिहून ठेवले आहे की, ईयोबाचा ग्रंथ शब्दन् शब्द म्हणणारा एक अडाणी शेतकरी आपण पाहिला. सगळा नवा करार पाठ असलेलेही पाहिले. शत्रूने दिलेली ही पावती म्हणून तिच्यावर जास्त विश्वास बसतो. आल्प्सच्या दऱ्यांत उरलेले हे लोक आपले उपदेशक गुराखी-शेतकऱ्यांतून निवडीत. १५३० साली त्यांच्यापैकी एकाने लिहिलेल्या पत्रात हा शिक्षणक्रम दिला आहे. हिवाळ्याचे तीन-चार महिने, अशी तीन-चार वर्षे, अक्षरओळख करून घ्यायची आणि मत्तय व योहान ही शुभवर्तमाने व पुष्कळशी पत्रे पाठ करायची. इंग्लंडातही १५२१च्या चौकशीत अॅलिस कॉलिन्स या बाईचे नाव निघाले. तिची स्मरणशक्ती दांडगी म्हणून गुप्त बैठकींना तिला मुद्दाम बोलावणे जाई. ती यायची ती पेत्र आणि याकोब यांची पत्रे बरोबर घेऊन, पण पदर झटकून पाहिला तरी कागदाचा कपटा मिळाला नसता.

आता आपल्या मुलखाकडे. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले ते हातात घंटा घेऊन रस्त्याने पोरे गोळा करीत आणि प्रार्थना चालीवर म्हणवून घेत. मराठी माणसाला अधिक जवळचे म्हणजे फादर स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. नवख्रिस्ती लोकांची तक्रार होती की, आमची जुनी पुराणे तर गेली, आता गावे-ऐकावे असे काय? त्याचे उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे, १६१६ साली राशोलला छापलेले. स्टीफन्सने गद्य न लिहिता ओवी निवडली, यातच त्याची पारख दिसते. ओवी कानातून शिरते आणि जिभेवर राहते. पुढे हा ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आणि गाणाऱ्यांच्या आश्रयाने. सतराव्या शतकातल्या छापील प्रती नाहीशा झाल्या, आणि मंगळूरला १९०७ साली निघालेली आवृत्ती हस्तलिखितांवरून करावी लागली.

आणि मग पंडिता रमाबाई. सूनबाईंचा आक्षेप येथे पुन्हा पुढे घ्यावा लागतो. रमाबाईंएवढे पाठांतर असलेली दुसरी मराठी बाई अलीकडच्या शतकांत मला तरी ठाऊक नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे. संस्कृत शिकवले मुख्यत्वे आईने. लहानपणीच भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराण सांगे आणि त्यावर गुजारा करी. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या त्या याच विद्येला. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्या पुराणिकाच्या धंद्याची आठवण सांगतात. नदीकाठी किंवा देवळात बसून संस्कृत पोथी रसाळ स्वरात वाचायची, ऐकणाऱ्याला ती समजत नाही, समजावून सांगण्याची पुराणिकावर सक्ती नाही, आणि ऐकण्याचे पुण्य तेवढे पदरात पडते! त्यात कडवटपणा नाही, पण बोच आहे.

ज्या बाईने मुखोद्गताची श्रीमंती भोगली होती तिनेच पुढे काय केले पाहा. केडगावच्या मुक्ति सदनात बसून उतारवयात हिब्रू व ग्रीक यांच्याशी झटापट केली आणि सगळे बायबल साध्या मराठीत उतरवण्याचे काम हाती घेतले. हेतू हा की, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजावे. छापखानाही तेथलाच आणि काम करणाऱ्या सदनातल्याच स्त्रिया. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. शेवटपर्यंत मुद्रिते तपासणे चालू होते. मला यावरून एवढे दिसते की, रमाबाईंचे भांडण पाठांतराशी नव्हते, न समजता केलेल्या पाठांतराशी होते. सूनबाईंचेही तेच असेल तर सासूसुनेत मुळी वादच नाही. बाई मराठीत पाठ करीत आहेत, आणि जन्मभर मुलांना ‘अर्थ सांग’ म्हणत आल्या आहेत.

पोपटपंचीचा धोका खोटा नाही. मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ या १८७६ सालच्या कादंबरीत रविवारच्या शाळेत दोन वचनांना एक निळे तिकीट मिळते. तिकिटे साठवीत दोन हजार वचने झाली की बक्षिसाचे बायबल. टॉम गोट्यांसारख्या वस्तू देऊन इतरांची तिकिटे घेतो आणि बायबल पटकावतो. मग वडीलधाऱ्यांनी पहिल्या दोन शिष्यांची नावे विचारताच दावीद आणि गल्याथ म्हणून मोकळा होतो! हे विनोदाने लिहिले आहे, पण बक्षिसांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींनी, मग ती कोणत्याही धर्माची असोत, ते पान अधूनमधून वाचावे. गुण, क्रमांक, ढाली यांनी पाठांतर वाढते आणि बक्षीस हाती पडताच वितळते, असे मी गीतापठणाच्या स्पर्धांतही पाहिले आहे.

राहता राहिला चिरंजीवांचा फोन. फोन खरोखरच वाचून दाखवतो, आणि डोळे अधू झालेल्याला ती मोठीच सोय आहे. बाईंनी ती नाकारू नये. दिदुमसालाही वाचून दाखवणारे लागतच होते. आणि हा वाचणारा थकून झोपत नाही. पण फोन बोलतो तेव्हा बोलणारा तो आणि ऐकणारे आपण. पाठ म्हणताना बोलणारे आपणच असतो, आणि प्रार्थना ही शेवटी स्वतःच्या तोंडाने करावयाची गोष्ट आहे. शिवाय शस्त्रक्रियेच्या खोलीत फोन बाहेर ठेवावयास सांगतात. रात्री तीन वाजता झोपमोड झाली आणि मन सैरभैर झाले, तर चाचपडत फोन शोधून, तो उघडून, हवे ते स्तोत्र लावीपर्यंत वेळ जातो. त्या वेळेला जे जिभेवर असेल तेच कामाला येते.

थोडे व्यवहाराचे. ६८व्या वर्षी पाठ होते का? होते, पण शाळकरी पोरासारखे भराभर नव्हे. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहावे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. पाच मिनिटांनी विचारले तर वाचत राहणारे पुढे; आठवड्याने विचारले तर मिटून आठवणारे पुढे. एकदम अध्याय घेऊ नये. २३वे स्तोत्र सहाच वचनांचे आहे. १२१वे आठ वचनांचे. अडखळलेली जागा घरातल्या कोणाला तरी पुस्तकात पाहून सांगावयास लावावी. म्हणजे तोही पुस्तक उघडतो. सूनबाईंवर हे काम सोपवावे असे मी सुचवीन, पण माझे नाव सांगू नये.

धीर झाला तर मग ११९वे. बायबलातले सर्वांत लांब स्तोत्र, वचने १७६. हे मुळी पाठ करण्यासाठीच बांधल्यासारखे आहे. हिब्रूच्या २२ अक्षरांपैकी प्रत्येकाला आठ वचने, आणि त्या आठांचा आरंभ त्याच अक्षराने. मराठीत अक्षरे जातात, आठ-आठांचे गट राहतात. गुलामांचा व्यापार बंद करणारा १८०७ सालचा कायदा ज्यांच्या खटपटीने इंग्लंडात झाला त्या विल्यम विल्बरफोर्स यांना हे सगळे पाठ होते. त्यांचीही नजर जन्मभर अधू होती. १८१९ साली पार्लमेंटात कटकटी चालू असताना, हाइड पार्क कॉर्नरपासून पायी चालत आपण ते म्हणत गेलो आणि मनाला फार बरे वाटले, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली आहे.